निकम मास्तरांचा कॅमेरा

निकम मास्तरांनी एक कॅमेरा घ्यायला तीन वर्षं लावली. सुरतेच्या रिंग रोडवरच्या दुकानदारानं शेवटी शेवटी त्यांना पाणी विचारणंही सोडून दिलं होतं. कॅमेरा कसा हवा हे मास्तरांचं पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. पाण्यात बुडाला तरी चालला पाहिजे, दगडावर आपटला तरी फुटता कामा नये, मिट्ट काळोखात फोटो निघाला पाहिजे, आणि फोटोत रंग खरा दिसला पाहिजे. पहिल्या तीन गोष्टी देणारे कॅमेरे पायलीचे पन्नास होते. चौथीपाशी मात्र एकजात सगळे नापास व्हायचे.

पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये आम्ही अकरा वर्षं बरोबर होतो. ते डाईंग मास्तर, म्हणजे कोऱ्या कापडाला कोणता रंग किती लागेल हे ठरवणारे. मी गायकवाड, लॅबमधला केमिस्ट, म्हणजे ते ठरवतील तितका रंग तोलून देणारा. माझे आजोबा रेल्वेत लागले म्हणून आमचं घर उधन्याला पडलं. मास्तर खानदेशातले, चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला गाव. शेठशी हिंदीत, रिक्षावाल्याशी गुजरातीत आणि आतड्याचं काही असलं की अहिराणीत बोलत. माझ्याशी ते अहिराणीत कधी बोलायला लागले ते आता आठवत नाही.

दिसायला काही विशेष नव्हते. बुटके, काटक, आणि अंगात बारा महिने पांढरा सदरा. रंगाच्या मिलमध्ये पांढरं घालणारा माणूस एक तर मालक असतो नाही तर वेडा, असं मला सुरुवातीला वाटे. एकदा विचारलं तर म्हणाले, अंगावर रंगीत कपडा असला की त्याची झाक समोरच्या कापडावर पडते आणि डोळा फसतो. संध्याकाळपर्यंत त्या सदऱ्यावर दिवसभराचे सगळे लॉट उमटलेले असत आणि सकाळी तो पुन्हा पांढराशुभ्र. वहिनी तो कशानं धूत देव जाणे.

नमुना हातात आला की ट्यूबलाइटखाली तो ते बघतच नसत. "उजेडात देखू," म्हणायचे आणि चालू लागायचे. मिलच्या मागच्या दारात, सूर्याकडे पाठ करून, कापडाची दुहेरी घडी घालून उभे राहायचे. आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं. मागे लॉट खोळंबलेला, मशीनवाले शिव्या घालताहेत, शेठचा फोन वाजतोय, पण मास्तरांची मान हलायची नाही. शेवटी "चालेल" म्हणायचे. "छान" हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. रजेचा अर्ज असो की मुलाचं लग्न, कशाचाही निर्णय मागितला तरी उत्तर तेच, "उजेडात देखू." कधी कधी तो उजेड सहा सहा महिने पडत नसे.

एकदा शेठ स्वतः मोबाइल नाचवत लॅबमध्ये आले. गिऱ्हाइकानं शेडचा फोटो पाठवला होता. "मास्टर, इसी पे पास कर दो, पार्टी को जल्दी है."

"शेठ, फोटो में कलर नहीं होता," मास्तर म्हणाले. "फोटो में फोटो होता है."

मशीन दोन दिवस रिकामं उभं राहिलं. तिसऱ्या दिवशी कुरियरनं कापडाचा तुकडा आला. मास्तर दारात गेले, शेठही मागोमाग गेले, आणि कापड हुबेहूब फोटोसारखंच निघालं. शेठनं तिथं उभ्या उभ्या त्यांना जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, घडी खिशात घातली आणि मला म्हणाले, "आज जुळनं. सकाय जुळी का?" उद्याचं कोण सांगणार! अशा माणसाला कॅमेरा घ्यायची पाळी यावी, यात नशिबाचा खवचटपणा दिसतो मला.

कॅमेरा हवा होता तो सुदामसाठी. सुदाम म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ, पलसाण्याच्या एका मिलमध्ये कापड ताणून सुकवायच्या मशीनवर होता. मास्तर जितके सावकाश तितका हा उतावळा. गावाजवळच्या डोंगरात एक खोल घळ आहे. लहानपणी बकऱ्या चारता चारता दोघे भाऊ तिच्यात शिरत, आणि सुरतेत येऊन केस पिकायला लागले तरी ती खोड गेली नव्हती. मे महिन्यात गावी गेले की हेल्मेटला बॅटरी बांधून घळीत उतरायचे. अंगाला वटवाघळांचा वास घेऊन परत यायचे आणि आठवडाभर मिलमध्ये त्याच गप्पा. घळीच्या शेवटी पाण्याचा डोह आहे आणि छत उतरत उतरत त्या पाण्यातच बुडतं. सुदामचं म्हणणं, पलीकडे छत पुन्हा वर जात असणार. "नाना, पलीकडे मोठी खोली शे. माले वारा लागना," असं तो मास्तरांना शपथेवर सांगायचा, वारा अंगाला लागला होता म्हणे.

एका मे महिन्यात त्यानं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक मास्तरांच्या हातात दिलं आणि छताखालून बुडी मारली. दोर सरसर गेला, ताणला, थोडा वेळ तसाच राहिला आणि मग एकदम सैल पडला. मास्तरांनी ओढला तर नुसतं मोकळं टोक आलं. दोर तुटला नव्हता, गाठ सोडली होती. दोर कमी पडला असणार आणि सुदामला पुढे जायचं असणार, इतका तो उतावळा होता. पुढे पोलीस आले, आगीच्या बंबावरची माणसं आली, एक पाणबुड्या आला. बोगदा अरुंद, गाळ इतका की स्वतःचा हात दिसेना. चौथ्या दिवशी सगळे परत गेले. ना माणूस मिळाला ना प्रेत.

घरी सुदामची बायको मंगला आणि एक मुलगी. प्रेत नाही म्हणून दहावं नाही, तेरावं नाही, दाखला नाही. मंगलाच्या कपाळी कुंकू तसंच, गळ्यात पोत तशीच. गल्लीतल्या बायकांना कळेना, हिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही. एकीनं बोलवलं आणि कुंकू लावताना तिचा हात मध्येच थांबला. त्यानंतर मंगला कुणाकडे गेली नाही. आणि मास्तरांच्या आईचं गावाकडून दर आठवड्याला एकच बोलणं, पोरगा दुसऱ्या कुठल्या भोकातून बाहेर पडला असेल, डोकं फिरलं असेल, येईल एक दिवस. मास्तर "हा माय" म्हणून फोन ठेवायचे.

म्हणून कॅमेरा. लांब बांबूला बांधून तो बोगद्यात घालायचा, आत काय आहे ते एकदा बघायचं. सुदाम आत आहे की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

दुकानात मी बरोबर असे. मास्तर खिशातून शेडकार्ड काढायचे, रंगीत चिंध्यांच्या चौकोनांचं आमच्या मिलचं पुस्तक, आणि काउंटरवरच्या प्रत्येक कॅमेऱ्यानं त्याचा फोटो काढायला लावायचे. मग कॅमेरा आणि पुस्तक घेऊन रस्त्यावर. दुकानदार जिग्नेशभाई धाकधुकीनं मागे, कॅमेरा घेऊन पळतील की काय म्हणून. हा लाल भडक करतो, तो निळा मारतो, तिसरा स्वतःच्या मनानं रंग सुधारतो. "सुधारायला कोणी सांगितलं याला?" मास्तर मलाच खडसावायचे, जणू कॅमेरा मी बनवलाय. जिग्नेशभाई एकदा वैतागून म्हणाले, "मास्टर, आटली वार तो छोकरी जोवामां पण ना लागे." मुलगी बघायलाही इतका वेळ लागत नाही म्हणे. मी हसलो. मास्तर हसले नाहीत.

त्यांना त्या अंधारात एकच रंग ओळखायचा होता. व्यापारात ज्याला 'रामा' म्हणतात तो, ना धड हिरवा ना धड निळा. मास्तरांनी काढलेला एक लॉट किंचित निळा गेला म्हणून गिऱ्हाइकानं परत केला होता आणि त्याचे तुकडे मिलमध्ये वाटले गेले. निकमांच्या घरात त्या वर्षी सगळ्यांना रामा. वहिनींचा ब्लाउज रामा, पोरांचे शर्ट रामा, उशांचे अभ्रेसुद्धा रामा. सुदाम बुडाला तेव्हा त्याच्या अंगात तोच शर्ट होता. कापड पॉलिएस्टर. माणूस सडतो, पॉलिएस्टर सडत नाही. हे आम्ही दोघेही जाणून होतो आणि दोघेही एकमेकांशी कधी बोललो नाही.

पहिला कॅमेरा त्यांनी वर्षाच्या आतच घेतला होता, ते सांगायचं राहिलं. तो लॅबमध्ये आणून आम्ही बादलीभर मिलच्या मळक्या पाण्यात दिवसभर बुडवून ठेवला. उत्तम चालला. मास्तरांनी बॅटरी भरली, झाकण लावलं आणि तसाच गावी नेला. घळीत पहिल्याच बुडीत त्यात पाणी शिरलं आणि तो कायमचा मेला. परत आल्यावर मी झाकण उघडून भिंगाखाली बघितलं तर रबराच्या पट्टीवर एक तंतू आडवा पडलेला, केसापेक्षा बारीक. आमच्या हवेतच तंतू असतात. भाकरीत असतात, पापण्यांवर असतात, रात्री खोकल्यातून निघतात. झाकण मिलमध्ये बसून लावायचं नसतं हे आम्हा दोघांना कळायला हवं होतं. सुरतेत जन्म घालवलेली माणसंच अशी चूक करू शकतात. त्या एका तंतूपायी एक उन्हाळा वाया गेला, कारण पावसानंतर डोह वर चढतो आणि पुढच्या मेपर्यंत तिथं पोचता येत नाही.

पुढचा मे आला. मास्तरांनी रजा घेतली आणि गावाला गेलेच नाहीत. आठवडाभर रिंग रोडच्या फेऱ्या मारल्या आणि रिकाम्या हातानं कामावर हजर झाले. मला राग आला. सरळ विचारलं, "मास्तर, कॅमेरा शोधताय की वेळ काढताय?"

ते बीकरमधलं पाणी हलवत बसले. मी बरोबर जागी बोट ठेवलं होतं आणि ठेवल्याचं मला आजही वाईट वाटतं. कॅमेरा मिळत नव्हता तोवर सुदाम मेला नव्हता. दोराचं टोक अजून त्यांच्या हातात होतं.

ती गाठ मंगलानं सोडली. त्यांच्यात धाकट्याच्या बायकोनं जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचं नसतं. समोर आला तर पदर पुढे ओढायचा, काही सांगायचं असेल तर जाऊबाईमार्फत. सतरा वर्षं ती त्या घरात नांदली, मास्तरांशी एक शब्द बोललेली नव्हती. एका रविवारी मी त्यांच्याकडे चहा पीत बसलो होतो. मास्तर मला नव्या कुठल्याशा कॅमेऱ्याचे फोटो दाखवत होते आणि त्याच्या रंगाला नावं ठेवत होते. मंगला आतून आली, पदर डोक्यावर होता पण चेहरा उघडा होता, आणि जेठाच्या पुढ्यात उभी राहिली.

"नाना, कोनतापन कॅमेरा ल्या. रंग नका देखू. तो तठे शे का नही, इतलंच माले सांगा."

वहिनींच्या हातातली बशी खाली पडली. मास्तर सोमवारी जाऊन जिग्नेशभाईनं पहिला पुढे केला तो कॅमेरा घेऊन आले.

त्या मेमध्ये मी बरोबर गेलो. झाकण आम्ही गावातल्या ओढ्याकाठी, ओल्या बोटानं रबर पुसून पुसून लावलं. घळीत वाकून, मग बसून, मग पोटावर सरकत जायचं. मला तर अर्ध्या वाटेतच श्वास पुरेना. मास्तर त्रेपन्न वर्षांचे, पण आपल्या घरात चालावं तसे पुढे. डोहापाशी त्यांनी बांबूच्या टोकाला कॅमेरा आवळला आणि दिवा त्याच्यापासून हातभर लांब, तिरका बांधला. दिवा जवळ असला की गाळाचा कण न् कण उजळतो आणि नुसतं पांढरं दिसतं, हे त्यांनी बादलीत शिकून घेतलं होतं. कॅमेरा दर पाच सेकंदांनी आपोआप फोटो काढत होता. दोन माणसांच्या उंचीचा बांबू पाण्याखाली पुरा गेला, मग त्याला दुसरा जोडला. मास्तर तो इंच इंच फिरवत होते आणि ओठांतल्या ओठांत मोजत होते. मला थंडी वाजत होती आणि इथून जिवंत बाहेर पडू की नाही याचीच काळजी होती, हे कबूल करतो.

बाहेर काढल्यावर तिथंच कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर बघितलं. गाळ. गाळ. दगड. गाळ. मग एका फोटोच्या कोपऱ्यात, दोन दगडांच्या बेचक्यात, कापड. काठाला शिवण स्पष्ट दिसत होती. त्याच्या आत काय होतं ते दिसत नव्हतं आणि मला बघायचंही नव्हतं.

"उजेडात देखू," मास्तर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता.

घळीच्या तोंडाशी आलो तेव्हा दुपार होती. मास्तर चिखलानं बरबटलेले, सूर्याकडे पाठ करून उभे राहिले. पाकिटातून रामाची चिंधी काढली, त्याच लॉटची, आणि पडद्याशेजारी धरली. एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं. मी खांद्यावरून बघत होतो. फोटोतला जरा हिरवा होता. पण इतकं गढूळ पाणी, पिवळा दिवा, हिरवा दिसणारच. हे मला शिकवलं कुणी, तर त्यांनीच.

"नही," ते म्हणाले. "हाऊ रामा नही."

"मास्तर, पाण्यात दिसतो तसा. शिवाय तीन वर्षांत उतरतो रंग."

"मना रंग उतरत नही, गायकवाड."

त्यांनी कॅमेरा बंद केला आणि चिंधी पाकिटात ठेवली. वाटेत एसटीत आम्ही शेजारीच बसलो होतो. मी बोलायला हवं होतं. फोटो तुम्ही पास करा नाही तर मी करतो, असं ठणकावून सांगायला हवं होतं. पण ज्याच्या हाताखाली अकरा वर्षं रंग तोलले त्याला रंगावरून खोटं पाडायचं धैर्य मला झालं नाही. घरी जाऊन त्यांनी सांगितलं, "काही दिखनं नही." मंगलानं ते दाराआडून ऐकलं. फक्त माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मी चपला शोधायला लागलो.

नंतर मास्तर कामावर यायचे, पण दारात उभे राहून बराच वेळ नुसतं बघत असायचे. एकदा शेठनं मोबाइलवर शेड दाखवली तर फोटोकडे न बघताच "चालेल" म्हणाले. शेठ खूश झाले.

श्रावणात मी त्यांच्याकडे गेलो तो रजेच्या अर्जावर सही घ्यायला. कानबाई, खानदेशातला देवीचा सण, आठवड्यावर आली होती. खानदेशी माणूस सुरतेत असला तरी कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, चुकवत नाही. निकमांच्या घरची रीत अशी, की रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं मोजायचे, एकेका नावाला सव्वा मूठ, आणि मोजायचे कर्त्या पुरुषानं. गेली तीन वर्षं मास्तर चार नावं घेत आले होते, स्वतःचं, दोन मुलांचं आणि सुदामचं. वहिनी म्हणायच्या, सुदामचं नाव ते मुद्दाम मोठ्यानं घेतात, पार रस्त्यावर ऐकू जाईल असं.

सूप मध्ये ठेवलेलं, शेजारी गव्हाचं पिंप. मास्तर अंघोळ करून पांढऱ्या सदऱ्यात पाटावर बसलेले. मला त्यांनी हातानंच बसायची खूण केली. पहिल्या सव्वा मुठीला "पंढरीनाथ" म्हणाले. मग "दीपक". मग "योगेश". मग त्यांनी हात पुन्हा पिंपात घातला आणि तो बाहेर येईना. मनगटापर्यंत गव्हात रुतलेला तसाच राहिला. वहिनी बघत होत्या, मुलं बघत होती. शेवटी हात वर आला तो रिकामा. दोन दाणे बोटांना चिकटले होते, तेही त्यांनी झटकले.

मंगला दारात होती. ती पुढे आली आणि सुपाच्या पलीकडे बसली.

"चार करा नहीते तीन करा, नाना," ती म्हणाली. "पन बोलीसन सांगा."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मला वाटतं त्यांनी तिचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला असेल.

"तीन," ते म्हणाले.

तिनं जो हंबरडा फोडला तो तीन वर्षं आत दाबून ठेवलेला होता. वहिनी तिला पोटाशी धरून आत घेऊन गेल्या, शेजारच्या बायका धावत आल्या, कुणी तरी तिच्या मुलीला शाळेतून आणायला गेलं. माझा अर्ज माझ्या हातातच राहिला. मी उठलो. दारातून मागे वळून बघितलं तर मास्तर एकटेच त्या खोलीत होते. सुतक लागलेल्या घरात रोट होत नाहीत. त्यांनी सूप दोन्ही हातांनी उचललं आणि मोजलेले तिघांचे गहू पुन्हा पिंपात ओतले.